एकवीस दिवसांचं घर

केमोथेरपीचा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो. सकाळी लवकर निघायचं, रक्ताचे रिपोर्ट दाखवायचे, डे-केअरमध्ये खाट मिळेपर्यंत थांबायचं, मग तीन-चार तास बाटल्या बदलत राहतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस घरी. त्या दिवशी नातेवाईक रजा काढतात, शेजारून डबा येतो, फोन वाजत राहतो. पुढचे वीस दिवस मात्र घराचे. उलट्या, तोंड येणं, पांढऱ्या पेशी घसरणं, ताप, पाय लटपटणं, हे सगळं त्या वीस दिवसांत होतं. उपचारातला जोखमीचा भाग असा रुग्णालयाच्या बाहेर पार पडतो आणि तिथे ड्यूटीवरची सिस्टर नसते, राउंडला येणारे डॉक्टर नसतात.

मग ते घर चालवतं कोण? गेलं वर्षभर मी हा प्रश्न घेऊन ठाणे, परळ, पुणे इथल्या काही घरांत आणि धर्मशाळांत गेले. रुग्णांशी बोलले, घरपोच परिचारिका पुरवणाऱ्या ब्युरोतून येणाऱ्या बायकांशी बोलले, घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या नर्सशी बोलले. जवळजवळ सगळ्यांनी नाव न छापण्याची विनंती केली. कॅन्सर हा शब्द अजूनही सोसायटीच्या जिन्यात हळू आवाजात उच्चारला जातो, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

जागतिक कॅन्सर-आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले. त्यांतले १ लाख ९२ हजार स्तनाच्या कॅन्सरचे, म्हणजे जवळजवळ सगळ्या बायका. दुसरा आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीतला आहे. घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट समोर येते. घरातल्या आजाऱ्यांचं ज्यांनी आजवर केलं, त्यांचंच करायची वेळ आली की घराला काय करावं ते सुचत नाही. मग बहुतेक वेळा ती आजारी बाईच अंथरुणातून स्वतःच्या शुश्रूषेची व्यवस्था लावते.

*

घोडबंदर रोडवरच्या एका घरात एक सोडून दोन रुग्ण आहेत. बाई ६२ वर्षांच्या, राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. घरात येणारी ब्युरोची परिचारिका त्यांना काकू म्हणते, मीही इथे तेच म्हणते. त्यांच्या यजमानांना तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अस्पष्ट झालं, लघवीसाठी कायमची नळी. तेव्हापासून ब्युरोची बाई दिवसाचे बारा तास असते आणि रात्री काकू. मुलगी न्यू जर्सीत. गेल्या वर्षी काकूंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या आणि मग केमो सुरू झाली. आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या औषधांच्या चार सायकल, दर २१ दिवसांनी एक. त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल, आठवड्याला एक याप्रमाणे बारा.

पहिल्या सायकलमध्ये घराचा बोजवारा उडाला, असं काकू सांगतात. “मला वाटलं होतं, पहिले दोन दिवस त्रास होईल आणि मग हळूहळू उतरत जाईल. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं नसतं म्हणून, पण ऐकताना ते कानावरून गेलं. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मी सगळ्यांना सांगून टाकलं, आता काही नको. नवव्या दिवशी ताप.”

दुसऱ्या सायकलच्या आधी त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि चतुर्थी-एकादशीच्या शेजारी पेन्सिलीने आकडे घातले: १ ते २१, पुन्हा १ ते २१. बँकेत शाखेचं कामकाज लावायची सवय होती, तीच इथे उपयोगी पडली. कोणत्या दिवशी शरीर काय करणार हे साधारण ठरलेलं असेल, तर कोणत्या दिवशी कोण हवं हेही ठरवता येतं, हा त्यांचा हिशेब. मी जी घरं पाहिली, त्यांतल्या ज्यांचं बरं चाललं होतं त्या सगळ्यांनी कळत-नकळत हेच केलं होतं.

त्या कॅलेंडरवर पहिले चार दिवस लाल आहेत. उलटीवरच्या औषधांतलं डेक्सामेथासोन झोप उडवतं आणि मधुमेह असेल तर साखर वर नेतं. रात्रीचं ओलान्झापिन गुंगी आणतं. झोप नाही आणि गुंगी आहे, अशा अवस्थेत रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचं असतं, कारण सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयात साचून राहू नये म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं असतं. पडायची भीती सगळ्यात जास्त या रात्रींत. शिवाय औषधाचा अंश लघवी, शौच, उलटी यांतून साधारण ४८ तास बाहेर पडत राहतो. तेवढे दिवस हातमोजे घालूनच साफसफाई, कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश, खराब झालेले कपडे वेगळे धुवायचे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने हे काम करू नये. साधे नियम आहेत, पण ज्या घरात एकच बाथरूम आणि दोन रुग्ण आहेत तिथे त्यांचं रोजचं काम होऊन बसतं.

डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं आणि एक-दोन दिवस लघवीलाही तोच रंग येतो. पहिल्या वेळी परिचारिकेला वाटलं रक्त जातंय. ती घाबरून शेजाऱ्यांना हाक मारायला धावली. काकूंना स्वतःला हे माहीत होतं, तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन, पेगफिलग्रास्टिम. केमो संपल्यानंतर २४ तास उलटल्याशिवाय ते देत नाहीत. शीतपेटीतून घरी आणायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढायचं. द्यायला येणारी नर्स वेगळी, तिची वेळ वेगळी. आणि टोचायचं उजव्या दंडात, मांडीत किंवा पोटावर. डाव्या हाताला ना सुई ना बीपीचा पट्टा, कारण काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताला सूज धरण्याची शक्यता असते. काकूंनी हे एका पट्टीवर लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं आहे: ‘डावा हात नाही.’ गुंगीत असताना आपल्याला बोलायला सुचेल याची खात्री नाही, म्हणून.

पाचव्या ते सातव्या दिवशी तोंड येतं, बद्धकोष्ठ होतं. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चूळ, मऊ ब्रश, तिखट बंद. हा भाग तुलनेने सोपा, परिचारिका नीट सांभाळते.

सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत कॅलेंडरवर निळा रंग आहे. रुग्ण दिसायला बरा असतो, चालतो-बोलतो, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. याच दिवसांत भेटायला येणाऱ्यांचा लोंढा लागतो, कारण ‘आता जरा बरं आहे’ असं सगळ्यांना कळलेलं असतं. काकूंच्या तिसऱ्या सायकलचा दहावा दिवस गौरी जेवणाच्या दिवशी आला. जाऊबाईंचा आग्रह होता, निदान दर्शनाला तरी ये. काकूंनी फोनवर सांगितलं, “वहिनी, यंदा गौरींना माझा नमस्कार तिथूनच सांगा.” वाईटपणा आला. मला त्यांचं बरोबर वाटतं. निळ्या आठवड्यात दार बंद ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे, त्यासाठी रुग्णाला माफी मागावी लागू नये.

ताप मोजायचा तो दिवसातून दोनदा आणि थंडी वाजली की लगेच. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसवर काटा गेला की थांबायचं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आधी पॅरासिटामॉल द्यायचं नाही, कारण ताप उतरल्यासारखा दिसतो आणि आतला जंतुसंसर्ग वाढत राहतो. रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य ‘केमोचा पेशंट आहे, आज दहावा दिवस’ हे असलं पाहिजे. पेशी खाली असताना आलेल्या तापात पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून सुरू व्हावं लागतं. अपघात विभागात साधा व्हायरल ताप समजून रांगेत बसवलं, तर तो तास तिथेच संपतो.

पंधरा ते एकवीस हे हिरवे दिवस. याच दिवसांत काकू पुढच्या वीस दिवसांचे निर्णय घेतात. पैसे काढून ठेवतात, यजमानांची औषधं भरतात, नळी बदलायला येणाऱ्या ब्रदरची तारीख निळ्या आठवड्यात येणार नाही असं पाहतात, रात्रीच्या बाईला निरोप देतात, मुलीशी भांडण असेल तर तेही उरकतात. “तिला तिकडून सगळं ठरवायचं असतं,” काकू म्हणाल्या. “तिचं चुकत नाही, तिला काळजी असते. पण मी तिला सांगितलंय, जे बोलायचं ते पंधरा तारखेनंतर बोल. म्हणजे माझ्या पंधराव्या दिवसानंतर.”

*

इथे ब्युरोची अडचण येते. घरपोच परिचारिका पुरवणाऱ्या बहुतेक ब्युरोंची पद्धत ठरलेली आहे: बारा तास किंवा चोवीस तास, महिन्याच्या हिशेबाने. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धासाठी ती चालते, कारण त्याची गरज रोज सारखीच असते. केमोच्या रुग्णाची गरज दर आठवड्याला बदलते. चार रात्री सोबत हवीच, पुढच्या आठवड्यात कमीत कमी माणसं हवीत आणि तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ कोणीच नको. काकूंनी ब्युरोला चारच रात्रींसाठी बाई मागितली. पलीकडून उत्तर आलं, “ताई, तसं नाही परवडत आम्हाला. महिन्याचं घ्या, नाहीतर दुसरीकडे बघा.” शेवटी महापालिकेच्या रुग्णालयातून आया म्हणून निवृत्त झालेल्या एक मावशी जवळच्या वस्तीत मिळाल्या. त्या दर सायकलला चार रात्री येतात. काकू त्यांना नेहमीच्या दरापेक्षा जास्त देतात आणि ते योग्यच आहे. एकवीस दिवसांतले चार दिवस अडकवून ठेवायचे, तर त्याचं मोल द्यायला हवं.

दोन रुग्णांत एकच परिचारिका असल्याने आणखी एक वाटणी करावी लागली. यजमानांची नळी, लघवीची पिशवी, डायपर हे सगळं तिच्याकडे. मग तिने काकूंचं जेवण करायचं नाही आणि निळ्या आठवड्यात त्यांच्या खोलीत गरज असेल तरच, हात धुऊन, मास्क लावून जायचं. स्वयंपाकाला दुसरी बाई. तिला पडसं झालं की तिने यायचं नाही आणि त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. या शेवटच्या अटीला मी फार महत्त्व देते. खाडा झाला की पैसे जाणार असतील, तर कोणतीही बाई सर्दी लपवूनच कामाला येईल.

*

काकूंच्या घरची परिचारिका जालना जिल्ह्यातली, आता दिव्याला राहते. दहावीपर्यंत शिकली, लग्नानंतर मुंबईला आली. एका प्रसूतिगृहात साफसफाई करता करता बाकीचं शिकली. कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, नळीने भरवणं तिला सफाईने जमतं. यजमानांच्या पाठीवर तीन वर्षांत एकही जखम झालेली नाही. ज्याने अंथरुणातला रुग्ण सांभाळला आहे त्याला कळेल, ही किती मोठी गोष्ट आहे.

मी तिला विचारलं, केमोच्या घरात याआधी काम केलं होतं का? ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “केलंय. पण मला ठाऊकच नव्हतं ताई. ते म्हणायचे, आजींना अशक्तपणा आहे, सलाइन लावायला नेतो. मी त्यांच्या उलट्या काढायची, कपडे धुवायची. हातमोजे मागितले तर म्हणाले, कशाला, आजींना वाईट वाटेल. तवा मला दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात एका नर्सबाईनं सांगितलं की ही केमो हाये.” पुढे सगळं ठीक झालं, मुलगी आता दुसरीत आहे. तिने त्या घराला शिव्या दिल्या नाहीत, मलाही त्या घराचा पत्ता नको होता.

आजारी माणसाला आजाराचं नाव सांगावं की नाही, यावर आपल्याकडे खूप बोललं गेलं आहे. घरात पगारी काम करणाऱ्या बाईला ते सांगावं की नाही, याचा विचार कोणी केलेला मला दिसला नाही. माझं मत स्पष्ट आहे. जी हातांनी उलटी पुसणार आहे, तिला पहिल्या दिवशी, कामाला हो म्हणायच्या आधी कळलं पाहिजे: कोणतं औषध चालू आहे, कोणत्या दिवशी काय जपायचं, आणि ती स्वतः गरोदर असेल तर हे काम तिचं नाही. हातमोज्यांचा खोका घराने आणायचा. हे न सांगणारं घर आपल्या रुग्णाचंही नुकसान करतं, कारण अंधारात ठेवलेल्या माणसाला धोक्याची खूण ओळखता येत नाही.

*

परिचारिका आणि नर्स यांतला फरक घरोघरी पुसला जातो. पुण्यात दुचाकीवरून दिवसाला सात-आठ घरं करणाऱ्या एका नर्सताईंनी तो मला नीट उलगडून दाखवला. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, एएनएमचा दोन वर्षांचा, आणि दोन्हींना महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ब्युरोतून ‘सिस्टर’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणींकडे यातलं काहीच नसतं. कोणाकडे काही महिन्यांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असतं, कोणाकडे फक्त अनुभव. “त्यांच्याशिवाय घर चालत नाही,” नर्सताई म्हणाल्या. “पण लोक त्यांना माझं काम करायला लावतात. पिक लाइन फ्लश करायची असली की म्हणतात, नुसती पाण्याची सुई तर मारायची, आमची बाई मारेल.”

पिक लाइन म्हणजे दंडातल्या शिरेतून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी. आठवड्याला एकदा तिचं ड्रेसिंग बदलायचं, सलाइनने ती धुवायची. धुताना सिरिंज १० मिलीची किंवा मोठीच घ्यावी लागते. लहान सिरिंजने आत दाब इतका वाढतो की नळी फाटू शकते. टोपणाचं तोंड पुरेसं पुसलं नाही, तर जंतू सरळ हृदयाजवळच्या रक्तात जातात. पेशी खाली असलेल्या रुग्णाला ते सोसत नाही. छातीच्या कातडीखाली बसवलेला केमो पोर्ट याहून सुटसुटीत. वापर नसताना तो चार-सहा आठवड्यांतून एकदा धुतला तरी चालतो. पण त्यात खुपसायची सुईही खास असते आणि ती नर्सनेच घालायची.

नर्सताईंचा घरांना एकच आग्रह असतो: वही. दोनशे पानी साधी वही. तारीख, केमोचा दिवस, ताप किती वाजता किती, उलट्या किती, शौच झाली का, कोणती गोळी किती वाजता दिली, कोणी दिली. सकाळची बाई जाताना लिहिते, रात्रीची येताना वाचते. लिहिता येत नसेल तर व्हॉट्सॲपवर बोलून ठेवते आणि घरातलं कोणी उतरवून घेतं. “एका घरी ताईंना उलटीची गोळी सकाळीही मिळाली आणि अर्ध्या तासाने सुनेनेही दिली. कोणाचीच चूक नव्हती, कोणी लिहिलं नव्हतं.” वापरलेल्या सुया नर्सताई जाड डब्यात भरून स्वतः परत नेतात. २०१६च्या घनकचरा नियमांत घरातल्या सुया-सिरिंज हा घरगुती घातक कचरा मानला होता, तो वेगळा द्यायचा असतो. प्रत्यक्षात तो घंटागाडीत जातो आणि कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला टोचतो.

वहीचा आणखी एक उपयोग नर्सताईंनी सांगितला. घरात येणारे नातेवाईक काहीतरी घेऊन येतात: गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, कोणा वैद्याची पुडी. आजारी माणूस नाही म्हणायच्या स्थितीत नसतो, परिचारिकेला पाहुण्यांना अडवायचा अधिकार नसतो. “मी सांगते, हरकत नाही, घेऊन ठेवा, पण वहीत लिहा आणि डॉक्टरांना विचारल्यावरच द्या.” केमोची कितीतरी औषधं यकृतातून बाहेर पडतात. यकृतावर ताण आणणारी पुडी त्यांच्या जोडीला गेली, तर पुढची सायकल लांबणीवर पडते. नकाराचा वाईटपणा वहीवर ढकलता येतो, ही युक्ती मला फार आवडली.

*

सगळ्यांना घर असतंच असं नाही. परळचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. त्याच्या आसपास दुसऱ्यांच्या गावात मांडलेली घरं आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, आणि जिथे जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी भाड्याच्या खोल्या. तिथे मला बीड जिल्ह्यातलं एक जोडपं भेटलं. नवरा शेतकरी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, दर दोन आठवड्यांनी फोलफॉक्स ही केमो. या पद्धतीत रुग्णालयातली औषधं संपली की छातीच्या पोर्टला एक लहान बाटली जोडून देतात. आतल्या फुग्याच्या दाबाने फ्लोरोयुरॅसिल थेंबथेंब जात राहतं, ४६ तास. ती बाटली पिशवीत घालून कमरेला लावून माणूस बाहेर पडतो. ते दोन दिवस बायको त्याच्या शेजारी नुसती बाटलीकडे बघत बसते. फुगा लहान होत जातोय ना, नळीला पीळ पडला नाही ना, कुठे ओल तर नाही. बाटली काढायला पुन्हा रुग्णालय, आणि मग गाव.

फोलफॉक्समधल्या ऑक्झॅलिप्लॅटिनने गार पाण्याचा घोट घेतला की घशाला करंट लागल्यासारखं होतं, श्वास अडकल्याचा भास होतो. हे त्यांना सांगितलेलं होतं. पण गावी थंडीत पहाटे मोटार चालू करायला गेला आणि हौदातल्या पाण्यात हात घातला, तेव्हा बोटं कशी झाली ते त्याने मला मुठी मिटून दाखवलं. तेव्हापासून बायकोने त्याचे हातमोजे खुंटीला टांगले आहेत, लोकरीचे. तीच त्याची नर्स. तिच्या पिशवीत एक प्लास्टिकचा फोल्डर असतो. त्यात सगळ्यात वर रुग्णालयाचा एक कागद आहे, ताप आल्यास काय तपासावं आणि काय द्यावं हे लिहिलेला. गावी ताप आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला म्हणून सलाइन लावत न बसता त्यांना लगेच जिल्ह्याला पाठवलं.

कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत तिकीट माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णासोबत माणूस लागतो हे रेल्वेने मान्य केलं आहे. गाडीतून उतरल्यावर मात्र तो सोबती कोणत्याही हिशेबात नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून केमोच्या सायकलचे पैसे मिळतात आणि त्या आधाराने या जोडप्यासारखी असंख्य घरं तगली आहेत. घरच्या शुश्रूषेचा खर्च त्यात धरलेला नाही. खासगी विम्याचंही तेच. केमो डे-केअर म्हणून मंजूर होते. पण विमा नियामकाने प्रमाणित केलेली, कंपनीला देणं बंधनकारक नसलेल्या खर्चांची एक यादी आहे. त्यात डायपर आहे, थर्मामीटर आहे, परिचराचं शुल्क आहे, खासगी नर्सचं शुल्कही आहे. निळ्या आठवड्यात जीव वाचवणारं थर्मामीटर त्या यादीत साखरमुक्त गोळ्यांच्या पंगतीला बसलेलं पाहून मला राग आला, अजूनही येतो.

वेगळं करता येतं याचा दाखला देशातच आहे. कालिकतला १९९३ साली सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या कामातून केरळात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालवलेली गृहभेटींची पद्धत उभी राहिली. २००८ साली राज्याने त्याचं धोरण केलं आणि ग्रामपंचायतीच्या आधाराने नर्स घरी जाऊ लागली. आपल्याकडे वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे, टाटाचा पॅलिएटिव्ह विभाग घरी जातो. ही सगळी मोलाची कामं. पण ती प्रामुख्याने दुखणं हाताबाहेर गेलेल्यांसाठी. बरं होण्यासाठी केमो घेणाऱ्या, मधल्या वीस दिवसांत एकट्या पडलेल्या रुग्णाकडे येणारी नर्स अजून व्हायची आहे. जिल्हा रुग्णालयांतून केमो देणं वाढतं आहे. त्या प्रत्येक ठिकाणी पहिल्या सायकलच्या दिवशी अर्धा तास काढून, घरी प्रत्यक्ष जो करणार आहे त्याला, मग तो मुलगा असो, सून असो की ब्युरोची बाई, समोर बसवून मराठीत शिकवता येईल. हातमोजे कसे काढायचे, ताप कसा मोजायचा, रात्री कोणाला फोन करायचा. बाटल्या तशाही तीन-चार तास चालू असतात आणि सोबतचा माणूस बाहेर बाकावर बसून असतो. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

*

काकूंच्या चार सायकल झाल्या. मी शेवटची गेले तेव्हा पॅक्लिटॅक्सेल सुरू होणार होतं, दर आठवड्याला एक. उलट्या कमी असतात, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, पण हातापायांना मुंग्या येऊन बधिरपणा येऊ शकतो. म्हणजे शर्टाची बटणं लावणं, गोळीचं पाकीट फोडणं, गरम पातेलं उचलणं, आणि यजमानांना उठवून बसवताना लागणारी पकड, या सगळ्याला दुसरा हात हवा. लाल-निळे-हिरवे आठवडे आता उपयोगाचे नाहीत. बारा आठवडे एकच रंग.

टेबलावर नवा कागद होता आणि परिचारिका समोर खुर्चीवर बसली होती, उभी नव्हती. दोघींचा व्यवहार चालू होता. काकूंना तिने आता रोज एक तास जास्त थांबायला हवं होतं. तिची अट होती की दिव्याला जाणारी साडेआठची गाडी चुकता कामा नये. “मग सकाळी एक तास आधी ये.” “सकाळी पोरीची शाळा असते, काकू.” बराच वेळ असं चाललं. शेवटी ठरलं ते असं: रोजचा जादा अर्धा तास, त्याचे पैसे वेगळे, ब्युरोमार्फत न देता थेट तिच्या खात्यात. महिन्याला दोन सुट्ट्या भरपगारी. केमोच्या दिवशी काकू रुग्णालयात असताना यजमानांजवळ रात्रीच्या मावशी दिवसा येतील. काकूंनी ते लिहून काढलं, खाली तारीख घातली आणि कागद तिच्याकडे वाचायला सरकवला. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “काकू, हातमोजे घराने आणायचे, ते राहिलं लिहायचं.”

काकूंनी ते लिहिलं.